जुन्या वीजगाडीचे दात कोण पाहणार?

सेवेत रुजू झाल्यावर पहिल्याच हिवाळ्यात माझी रवानगी बिहारमधील सोनपूरच्या मेळ्याच्या बंदोबस्तावर झाली होती. गंगा आणि गंडक यांच्या संगमावर कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास भरणारा हा जनावरांचा बाजार पाहणे, हा इतिहासाच्या पुस्तकांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या तरुणाला मोठा धडा होता. एक वृद्ध शेतकरी बैल पारखत होता. त्याने बैलाचे तोंड उघडून दात मोजले, वशिंड दाबून पाहिले, चारही खूर उचलून पाहिले आणि मग त्याला भुसभुशीत वाळूतून चालवत नेले. तो बैलाच्या मालकाशी एक अक्षर बोलला नाही. भाव ठरला तो दलालाच्या गमछ्याखाली. महाराष्ट्रातील बैलबाजारांत रुमालाखाली जी बोटे बोलतात, तीच तेथे गमछ्याखाली बोलत होती. त्या म्हाताऱ्याला लिहिता-वाचता येत नव्हते. तरीही त्याला कोणी फसवू शकेल, असे मला वाटले नाही.

हा प्रसंग गेल्या हिवाळ्यात वारंवार आठवला. मी आणि माझ्या पत्नीने तेव्हा शहरात फिरण्यापुरती एक लहान, जुनी, विजेवर चालणारी मोटार घेण्याचे ठरवले होते. आम्ही नोएडात राहतो. आमची डिझेल गाडी दहा वर्षांची झाली होती. राष्ट्रीय हरित लवादाने घातलेले आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये उचलून धरलेले राजधानी परिसरातील निर्बंध सर्वांना ठाऊक आहेत. दहा वर्षांपुढील डिझेल आणि पंधरा वर्षांपुढील पेट्रोल गाड्यांवर गेली अनेक वर्षे टांगती तलवार आहे. ती तलवार कधी खाली येते, कधी वर जाते. या वयात तिच्याकडे डोळे लावून बसण्याची आमची तयारी नव्हती. रोजचा प्रवास फार तर पंचवीस किलोमीटरचा: भाजी, दवाखाना, वाचनालय, नातीची शाळा. निवृत्तिवेतनातून नवी गाडी घेणे अशक्य नव्हते, पण शहाणपणाचेही वाटत नव्हते.

पहिली गाडी पाहिली ती गुरुग्राममधील एका तरुण संगणक अभियंत्याची. गाडी तीन वर्षांची, चकचकीत, आत नव्या कापडाचा वास येणारी. मी बॅटरीची चौकशी करताच त्याने खिशातून मोबाइल काढून पडदा माझ्यापुढे धरला. "हे बघा सर, शंभर टक्के!"

तो खोटे बोलत नव्हता. त्याला फरकच माहीत नव्हता, आणि त्या दिवशी मलाही तो नीट समजावून सांगता आला नाही. पडद्यावरचे शंभर टक्के म्हणजे बॅटरी किती भरली आहे याचे माप. ती मुळात केवढी होती आणि आज केवढी उरली आहे, हे त्यातून कळत नाही. घागर झिजून, पिचून तांब्याएवढी झाली, तरी तो तांब्याही काठोकाठ भरतोच. लिथियम बॅटरीचे असेच असते. वापराने, उन्हाने, सतत जलद चार्जिंग केल्याने आणि नुसत्या काळाच्या ओघातही तिची साठवणक्षमता घटत जाते. ही घट किती झाली, याचा हिशेब गाडीतील बॅटरी-व्यवस्थापन यंत्रणा अखंड ठेवत असते. प्रश्न एवढाच, की तो हिशेब पाहण्याचा अधिकार कोणाला?

पेट्रोल गाडीच्या बाबतीत हा प्रश्न पडत नाही. इंजिनाचा आवाज ऐकता येतो, धुराचा रंग दिसतो, तेलाची पट्टी काढून बोटावर घासता येते. गल्लीतला मेकॅनिक पाचशे रुपये घेऊन अर्ध्या तासात निदान सांगतो, आणि बहुधा बरोबर सांगतो. तीन पिढ्यांत हे ज्ञान समाजात मुरले आहे. वीजगाडीच्या किमतीचा एक-तृतीयांश किंवा त्याहून अधिक भाग ज्या पेटीत सामावलेला असतो, ती पेटी मुकी आहे. तिला दात नाहीत, वशिंड नाही.

आपल्या देशात वीजगाडी ही काही कालपरवाची गोष्ट नाही. १९९३ च्या दिल्लीतील वाहन प्रदर्शनात 'लवबर्ड' नावाची दोन आसनांची वीजगाडी मांडली गेली होती. जपानी कंपनीच्या सहकार्याने ती केरळ आणि तामिळनाडूत तयार होत असे. अल्पावधीत ती विस्मरणात गेली. २००१ मध्ये बंगळूरुच्या चेतन मैनी यांची 'रेवा' आली. तिच्यात आसनांखाली शिसे-आम्लाच्या आठ बॅटऱ्या असत, घरातल्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर ती चार्ज होई आणि 'जी-विझ' या नावाने ती लंडनच्या रस्त्यांवरही धावली. २०१० मध्ये महिंद्राने त्या कंपनीत बहुमताचा हिस्सा घेतला आणि मार्च २०१३ मध्ये 'ई-टू-ओ' बाजारात आणली. आज या तिन्हींपैकी एकही गाडी तयार होत नाही. रेवाच्या मालकांना दर काही वर्षांनी बॅटऱ्यांचा संपूर्ण संच बदलावा लागे. ज्यांनी ती हौसेने जपली ते सुटे भाग शोधत फिरले. इतरांची वाहनतळाच्या कोपऱ्यात धूळ खात पडली. धोरणकर्ते या गाड्यांची आठवण 'भारताची पहिली पावले' म्हणून गौरवाने काढतात. ज्यांनी पदरच्या पैशांनी ती पावले टाकली, त्यांचे पुढे काय झाले, याची नोंद मात्र कोणत्याही फायलीत नाही.

आजच्या जुन्या बाजारात येणाऱ्या छोट्या गाड्या यापुढच्या पिढीच्या आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेली टाटाची 'टियागो ईव्ही' ८ लाख ४९ हजारांच्या प्रारंभिक किमतीमुळे मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. २०२३ मध्ये जेमतेम तीन मीटर लांबीची एमजी 'कॉमेट' आली. या गाड्यांचे पहिले मालक आता मोठी गाडी घेण्याच्या विचारात आहेत आणि त्यांच्या गाड्या दुसऱ्या हातात जाऊ लागल्या आहेत. वाहनबदलाची खरी कसोटी येथून सुरू होते. भारतात दरवर्षी नव्या मोटारींपेक्षा जुन्या मोटारी अधिक विकल्या जातात. शिक्षक, कारकून, छोटा दुकानदार यांची पहिली मोटार बहुधा कोणाची तरी दुसरी किंवा तिसरी असते. २०३० पर्यंत नव्या खासगी मोटारींपैकी तीस टक्के विजेवर चालाव्यात, असे उद्दिष्ट आपण जाहीर केले आहे. २०२४ मध्ये प्रवासी गाड्यांतील हा वाटा अडीच टक्क्यांच्या आसपास होता. जुन्या वीजगाडीला गिऱ्हाईक मिळत नाही, हे एकदा लोकांना कळले, की नवीही कोणी घेणार नाही.

इतिहासाचा एक विचित्र विरोधाभास येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. माझ्या तरुणपणी या देशात जुने वाहन नव्यापेक्षा महाग मिळे. परवाना-राज्यात स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे; त्यामुळे जी आज हाती मिळते, तिला अधिक दाम. माझ्या वडिलांनी आपली स्कूटर चार वर्षे वापरून खरेदीच्या किमतीहून जास्त रकमेला विकली आणि त्याबद्दल त्यांना आयुष्यभर किंचित अपराधी वाटत राहिले. आज वीजगाडीच्या बाबतीत नेमके उलटे घडते. नवी गाडी दरवर्षी अधिक पल्ल्याची आणि तुलनेने स्वस्त होत जाते. जुनी मात्र तिच्या कालच्या किमतीने मोजली जाते आणि कोसळते. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये लहान पेट्रोल गाड्यांवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवर आला. नव्या वीजगाडीवरील ५ टक्के आणि छोट्या पेट्रोल गाडीवरील कर यांमधील अंतर त्यामुळे बरेच आटले, आणि त्याचा फटका साहजिकच जुन्या वीजगाडीच्या भावालाही बसतो.

सरकारने वीजगाड्यांना उत्तेजन दिले नाही, असे कोणी म्हणणार नाही. एप्रिल २०१५ मध्ये 'फेम' योजना आली, २०१९ मध्ये तिचा दुसरा टप्पा. त्याच वर्षी ऑगस्टपासून नव्या वीजगाडीवरील कर १२ वरून ५ टक्क्यांवर आणला गेला. २०२१ मध्ये नोंदणी प्रमाणपत्राचे शुल्क माफ झाले, अनेक राज्यांनी पथकर सोडला, तृतीय-पक्ष विम्याच्या हप्त्यात १५ टक्के सवलत मिळाली. खासगी मोटारींना केंद्राचे थेट अनुदान मात्र दुसऱ्या टप्प्यापासूनच बंद आहे, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. पण या सगळ्या सवलतींचा रोख नव्या गाडीच्या विक्रीकडे आहे. जुन्या गाडीच्या वाट्याला आला तो डिसेंबर २०२४ मधील जैसलमेरच्या बैठकीत वस्तू व सेवा कर परिषदेने घेतलेला निर्णय: नोंदणीकृत विक्रेत्याने जुनी वीजगाडी विकल्यास कर १२ ऐवजी १८ टक्के. या निर्णयावर तेव्हा बराच गदारोळ झाला आणि त्यात गैरसमजच अधिक होते. हा कर गाडीच्या संपूर्ण किमतीवर लागत नाही. विक्रेत्याच्या नफ्याच्या फरकावर लागतो. साडेचार लाखांना घेतलेली गाडी पाच लाखांना विकली, तर कर पन्नास हजारांवर, म्हणजे नऊ हजार रुपये. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला आपली खासगी गाडी विकली, तर काहीच नाही. तेव्हा हा बोजा असह्य नव्हे. पण नवी गाडी घेणाऱ्या सुस्थितीतील ग्राहकाला ५ टक्के आणि त्याच गाडीचा दुसरा हात घडवून आणणाऱ्या व्यापाऱ्याला १८ टक्के, यातून सरकार नेमके काय सुचवू पाहते, हे मला कळले नाही.

तरीही खरी उणीव कराची नाही. ती माहितीची आहे. जानेवारी २०२२ मध्ये नीती आयोगाने आरएमआय या संस्थेसह वीजवाहनांच्या कर्जपुरवठ्यावर अहवाल काढला होता. बँका या गाड्यांना कर्ज देताना का कचरतात, याचे एक कारण त्यात स्पष्ट मांडले आहे: पुनर्विक्रीची किंमत किती येईल, याचा भरवसा नाही. बँकेला भरवसा नाही, कारण बाजाराला नाही. बाजाराला नाही, कारण पेटीत काय उरले आहे हे कोणालाच पाहता येत नाही. मग चांगल्या जपलेल्या गाडीलाही वाईट गाडीचाच भाव येतो, आणि चांगल्या गाडीचा मालक ती विकायचीच नाही असे ठरवतो.

कौटिल्याला हा प्रश्न ठाऊक होता. अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात खरेदी-विक्रीनंतरच्या पश्चात्तापाचे एक प्रकरण आहे. व्यापाऱ्यासाठी व्यवहार परत फिरवण्याची मुदत एक रात्र, शेतकऱ्यासाठी तीन रात्री, गोपालकासाठी पाच. चतुष्पाद जनावराच्या बाबतीत मात्र ती तब्बल तीन पंधरवडे, कारण जनावराचे दुखणे पहिल्या दिवशी दिसत नाही. रोगी जनावर निरोगी म्हणून विकणाऱ्याला बारा पणांचा दंड. आपला १९३० चा वस्तुविक्री कायदा ब्रिटिश परंपरेतला. त्याचे सोळावे कलम काही अपवाद सोडले तर ग्राहकाने डोळे उघडे ठेवावेत एवढेच सांगते. तीन पंधरवड्यांवरून आपण शून्यावर आलो. मी काही प्राचीन भारतात सर्व काही होते असे मानणाऱ्यांपैकी नाही. पण येथे त्या आचार्यांचा मुद्दा मला अधिक आधुनिक वाटतो.

दुसऱ्या गाडीच्या वेळी मी तयारी करून गेलो. आमच्या वसाहतीतील एका निवृत्त विद्युत अभियंत्याने मला एक साधी रीत शिकवली होती, तीच येथे सांगतो. गाडी रात्रभर संथ चार्जिंगवर लावून शंभर टक्के भरावी. छोट्या गाड्यांत आढळणाऱ्या लोह-फॉस्फेट प्रकारच्या बॅटऱ्यांत ही पायरी विशेष महत्त्वाची, कारण त्यांचा व्होल्टेज बराच काळ सपाट राहतो आणि अधूनमधून पूर्ण भरल्याखेरीज यंत्रणेचा अंदाजही चुकतो. मग वातानुकूलन नेहमीसारखे ठेवून शहरात गाडी चालवावी, भरणा वीस टक्क्यांवर येईपर्यंत. किलोमीटर टिपावेत, आणि फलकावर दिसणारा सरासरी वीजवापरही. मी पाहत असलेल्या गाडीची मूळ क्षमता, हिशेबाच्या सोयीसाठी धरू, वीस युनिटांची. शंभरावरून वीसवर येताना तिने सोळा युनिटे द्यायला हवी होती. गाडी चालली १०५ किलोमीटर, दर युनिटला आठ किलोमीटर या दराने. म्हणजे तेरा युनिटे. सोळाऐवजी तेरा: क्षमता सुमारे ८१ टक्के. तीन वर्षांच्या गाडीला हे फार कमी.

ही रीत सोनाराच्या तराजूइतकी अचूक नाही. थंडी, टायरमधील हवा, चालवण्याची पद्धत यांनी दोन-चार टक्के इकडचे तिकडे होतात. पण ८१ आणि ९५ यांतील फरक तिच्यातून लपत नाही. गाडीच्या मालकाला आकडा दाखवल्यावर तो मनापासून चकित झाला. आपली गाडी पूर्वीइतकी पळत नाही हे त्याला जाणवत होते, पण त्याने दोष उन्हाळ्याला दिला होता. तो कार्यालयाजवळच्या जलद चार्जरवर रोज दुपारी शंभर टक्के भरून गाडी उघड्या वाहनतळावर उन्हात उभी करत असे. नियमपुस्तिकेत हे टाळावे असे लिहिले असणार; नियमपुस्तिका वाचतो कोण?

आम्ही दोघे मिळून अधिकृत सेवा केंद्रात गेलो. तेथील तंत्रज्ञाने संगणक जोडला आणि बॅटरीची प्रकृती पडद्यावर आली. मी छापील प्रत मागितली, तर व्यवस्थापक म्हणाला, "ही माहिती अंतर्गत वापरासाठी आहे." मालकाने मागितली, तरी उत्तर तेच. मग निदान आकडा सांगा, म्हटले. "गाडी हमीच्या मर्यादेत आहे, एवढेच सांगता येईल." गाडीसाठी पैसे मोजलेला मनुष्य शेजारी उभा, त्याच्याच गाडीचा आकडा समोरच्या पडद्यावर, आणि तो त्याला कागदावर मिळू नये! फायलींवर 'गोपनीय' शिक्के मारण्यात मी आयुष्याची पस्तीस वर्षे घालवली आहेत. पण इतका निरर्थक शिक्का मीही कधी मारला नव्हता.

हमीविषयी दोन शब्द. बहुतेक कंपन्या बॅटरीला आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर अशी हमी देतात, आणि ती साधारणतः नव्या मालकाकडे जाते. पण क्षमता ठरावीक पातळीच्या खाली गेली तरच ती लागू होते. त्या पातळीच्या किंचित वर असलेली गाडी कायद्याने निरोगी. अलीकडे जाहिरातींत झळकणारी 'आजीवन हमी' तर पहिल्या मालकापुरतीच असते. दुसऱ्याच्या हाती गाडी गेली की ती आक्रसते. हमीपत्राची मूळ प्रत आणि सेवेच्या सर्व नोंदी पाहिल्याखेरीज बयाणा देऊ नये.

युरोपीय संघाने या बाबतीत स्पष्ट भूमिका घेतली आहे. २०२३ च्या बॅटरीविषयक नियमावलीनुसार, ऑगस्ट २०२४ पासून बॅटरी कायदेशीररीत्या खरेदी करणाऱ्याला व्यवस्थापन यंत्रणेतील प्रकृतिविषयक माहिती वाचण्याचा हक्क आहे; फेब्रुवारी २०२७ पासून वीजवाहनांच्या बॅटऱ्यांना अंकीय पारपत्रही लागेल. आपल्याकडे २०२२ चे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम आहेत. त्यांनी उत्पादकावर बॅटरी परत घेण्याची आणि तिच्यातील द्रव्ये वसूल करण्याची जबाबदारी टाकली. मृत्यूनंतरच्या व्यवस्थेचा विचार झाला. बॅटरीला स्वतंत्र ओळखक्रमांक देण्याची चर्चाही सुरू आहे. पण गाडी जिवंत असताना, मालक बदलण्याच्या क्षणी, तिची नाडी कोणी पाहायची? पेट्रोल गाडीला निदान प्रदूषण तपासणीचे प्रमाणपत्र तरी सतत घ्यावे लागते. वीजगाडीला त्यातून सूट आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु त्यामुळे नोंदणीपासून पंधराव्या वर्षापर्यंत खासगी वीजगाडीची एकही सक्तीची तपासणी होत नाही.

उपाय फार मोठा नाही. मालकी हस्तांतरणाचा अर्ज नमुना ३० मध्ये भरला जातो. त्यात एक रकाना वाढवावा: बॅटरीची उर्वरित क्षमता, तपासणीची तारीख, तपासणाऱ्याचे नाव. सेवा केंद्राने रास्त शुल्क घेऊन ही नोंद थेट 'वाहन' प्रणालीत करावी. उत्पादकांचा आक्षेप मला माहीत आहे: क्षमतेचा आकडा हा अंदाज असतो, प्रत्येक कंपनीची मोजण्याची पद्धत वेगळी असते, आणि त्यावरून खटले उभे राहतील. आक्षेप खोटा नाही. म्हणूनच मोजण्याची एकच पद्धत ठरवून देणे हे मानक ठरवणाऱ्या संस्थांचे काम आहे. बॅटरीच्या आगींच्या घटनांनंतर २०२२-२३ मध्ये सुरक्षेची मानके वर्षभरात कडक करता आली. ज्या यंत्रणेला ते जमले, तिला हेही जमेल.

एका वेगळ्या प्रकारच्या गाडीपासून मात्र वाचकांना सावध करावेसे वाटते. २०१७ मध्ये ईईएसएल या सरकारी कंपनीने दहा हजार वीजगाड्यांची निविदा काढली होती. मंत्रालयांना त्या भाडेपट्ट्याने मिळू लागल्या. त्या पिढीच्या गाड्यांचा पल्ला मर्यादित होता, आणि दुपारच्या बैठकीनंतर परत पोहोचू ना, या चिंतेने वातानुकूलन बंद करून बसलेले सहकारी मी पाहिले आहेत. पण मुख्य अडचण निराळी. त्या काळच्या बऱ्याच गाड्यांना 'भारत डीसी-००१' या मानकाचे जलद चार्जिंग होते. देश पुढे 'सीसीएस-२' कडे वळला. आज महामार्गावरच्या नव्या चार्जरवर अशी गाडी नेली, तर प्लगच बसत नाही. स्वस्तात मिळते म्हणून ती घेणाऱ्याने आपला प्रवास घरच्या सॉकेटपुरताच आहे, असे समजून चालावे.

दुसरा साठा टॅक्सींचा. एप्रिल २०२५ मध्ये सेबीने जेन्सोल इंजिनिअरिंगविरुद्ध अंतरिम आदेश काढला आणि त्याच आठवड्यात तिच्याशी निगडित ब्लूस्मार्ट ही दिल्ली व बंगळूरुतील वीज-टॅक्सी सेवा थांबली. आदेशात नमूद आहे, की ६,४०० गाड्यांसाठी कर्ज घेतले गेले आणि प्रत्यक्षात ४,७०४ गाड्या खरेदी झाल्या. अशा सेवांच्या गाड्या दिवसाला शेकडो किलोमीटर धावतात आणि बहुतांशी जलद चार्जिंगवरच जगतात. सेवा बंद पडली की त्या महिनोन्महिने वाहनतळात उभ्या राहतात, आणि तेही बॅटरीला मानवत नाही. पाटी पाहावी: हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरे असतील तर खासगी, पिवळी असतील तर व्यावसायिक. पांढऱ्या अक्षरांच्या गाडीच्या नोंदणीचा इतिहासही तपासावा, कारण परिवहन कार्यालयातून वर्ग बदलून घेता येतो.

कागदपत्रांचे सांगतो ते थोडक्यात. राज्यातल्या राज्यात विक्रेत्याने हस्तांतरणाची सूचना चौदा दिवसांत द्यायची असते; राज्याबाहेर पंचेचाळीस दिवस आणि सोबत ना-हरकत प्रमाणपत्र. कर्ज असेल तर बोजा उतरवल्याची नोंद प्रथम. बॅटरी भाड्याने घेतलेली असेल, तर तिचा करार वेगळा असतो. २०२४ पासून काही कंपन्या गाडी स्वस्त देऊन बॅटरीचे भाडे दर किलोमीटरमागे आकारतात, आणि हा करार डोळ्याआड राहिला तर नवा मालक न घेतलेल्या कर्जात अडकतो. विक्रेत्यांनीही गाफील राहू नये. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले, की गाडी किती का हात बदलेना, नोंदवहीत ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार. दिल्लीतून नागपूर किंवा पुण्याला गाडी नेण्याचा विचार असणाऱ्या मराठी वाचकांनी पथकराची चौकशी तेथील परिवहन कार्यालयात आधीच करावी. एका राज्याची माफी दुसऱ्या राज्यात आपोआप चालत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, असे पत्नीने तिसऱ्या आठवड्यात विचारले. हिशेब असा: घरच्या विजेवर किलोमीटरला सव्वा रुपयाच्या आत खर्च, पेट्रोलवर सहा रुपयांच्या पुढे. वर्षाला आठ हजार किलोमीटर धरले तर चाळीस हजारांच्या आसपास बचत. उलट, हमीबाहेर बॅटरी बदलायची वेळ आली, तर खर्च लाखांत. एक चुकीची गाडी आठ-दहा वर्षांची बचत गिळते. निवृत्तिवेतनधारकाने एवढा जुगार का खेळावा? आणि ज्याला निवृत्तिवेतनही नाही, त्याने?

आम्ही अखेर घेतली ती पाचवी गाडी, गाझियाबादच्या एका शिक्षिकाबाईंची. सावलीत उभी केलेली, रात्री संथ चार्ज केलेली. माझ्या पद्धतीने क्षमता ९४ टक्के निघाली. बाईंनी तीन वर्षे प्रत्येक चार्जिंगची नोंद वहीत ठेवली होती. तारीख, किलोमीटर, युनिटे. ती वही त्यांनी किल्ल्यांबरोबर माझ्या हाती दिली आणि म्हणाल्या, "गाडीचे पैसे दिलेत, वहीचे नाही. ती जपा." पुढचे विघ्न घरचेच होते. आमच्या वाहनतळातील सॉकेटला अर्थिंग नीट नव्हते आणि गाडीने चार्ज व्हायला साफ नकार दिला. सोसायटीच्या कार्यकारिणीला तारा बदलायला राजी करण्यात दीड महिना गेला. मग एका सकाळी गाडीचे दारच उघडेना. मोठी बॅटरी भरलेली, पण दिवे आणि कुलपे चालवणारी बारा व्होल्टची साधी बॅटरी मान टाकून बसली होती. ती तेवढी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळाली.

आता वसाहतीत मी बैलपारखी म्हणून ओळखला जातो. कोणी जुनी वीजगाडी पाहायला निघाले, की मला शेजारच्या आसनावर बसवून नेतात. मांडीवर वही, हातात पेन्सिल. गेल्या रविवारी एका शेजाऱ्याबरोबर फरिदाबादला गेलो होतो. विक्रेत्याने चहा दिला, गाडी पुसून ठेवली होती, भावही कमी करायला तयार होता. मी शंभर किलोमीटरच्या फेरीचे नाव काढताच तो म्हणाला, "साहेब, वीस किलोमीटर चालवा ना, वीसमध्ये काय ते कळतंच की." आम्ही चहा संपवला आणि मेट्रोने परत आलो.